एप्रिलमध्ये वाढणारं तळं

"तूच दाखवलंस."

"मी कुणाला काही दाखवलं नाही, आबा. उपग्रह वरून जातो. त्याला हाताला धरून गल्लीत कोण आणणार?"

"आनल्याबिगर आला? भोसरी पडलीय, तळवडं पडलंय, पार चाकनपोत्तर कंपन्यांची रांग लागलीय. त्याला नेमकी आपलीच गल्ली घावली व्हय?"

"सगळ्यांची घावते त्याला. अख्ख्या शहराचं चित्र काढतो तो."

"मग अख्ख्या शहरात पानी का शिरलं न्हाई? आमच्याच उंबऱ्याच्या आत का शिरलं?"

किसनआबांनी मोबाइल विंचू धरावा तसा दोन बोटांत, अंगापासून लांब धरला होता. पडद्यावर नकाशा होता. म्हसोबाचं तळं निळ्या रंगात, आणि त्या निळ्यातून एक जीभ बाहेर येऊन तक्षशिला गल्ली चाटूनपुसून घेऊन गेलेली. समोर त्यांची नात मैत्री जेवता जेवता थांबलेली, हात ताटातच सुकलेला. दाराच्या बाहेर शेजारच्या रुक्मिणीबाई उगाचच एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासत बसल्या होत्या, कारण तिथून आतलं बोलणं नीट ऐकू येत होतं.

नकाशा आदल्या दिवशी प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लागला होता. तळ्यातली जलपर्णी काढायची, गाळ उपसायचा, आजूबाजूच्या शेडमधून येणारं सांडपाणी अडवायचं, तळं पुन्हा तळ्यासारखं करायचं. सगळं चांगलंच. पण त्याआधी तळ्याची हद्द ठरवायची होती, आणि हद्दीच्या आत जे बांधकाम सापडेल ते उठवायचं होतं. हरकती घ्यायला पंधरवडा होता. गल्लीतल्या कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि घराघरात एकच प्रश्न फिरायला लागला, की हे केलं कुणी. उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. नकाशा निगडीच्या ज्या कचेरीत तयार झाला, तिथेच किसनआबांची नात कामाला होती.

मैत्रीकडे चाकण बाजूची तळी होती, हे तळं दुसऱ्याच टेबलावर होतं, हे तिने सकाळपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. लोक मान हलवत होते आणि विश्वास ठेवत नव्हते. एकीने तर लाडात विचारलं, की बाई, तुझं घर तेवढं वाचवलं असशील ना.

"पोरगी कशाला सांगंल आपलंच घर पाडायला?" आजी, गिरजाबाई, तिऱ्हाईत आवाजात म्हणाल्या. नवरा आणि नात भांडायला लागले की त्या असाच आवाज काढत.

"सांगितलं असं म्या म्हनलं का? म्या म्हनलं, इचारलं तर पायजे."

विचारलं तर पाहिजे. आबांचं सगळं आयुष्य या तीन शब्दांत बसत होतं. दुधाची पिशवी उजेडासमोर धरल्याशिवाय ते पैसे देत नसत. विजेच्या मीटरसमोर सगळे दिवे बंद करून उभे राहत आणि आकडा सरकतो का ते बघत. बसमध्ये नेहमी मागच्या सीटवर, म्हणजे सगळे समोर दिसतात. लग्नात डोक्यावर ड्रोन फिरायला लागला तेव्हा त्यांनी पत्रावळीवर दुसरी पत्रावळ उपडी घातली आणि तो जाईपर्यंत घास तोंडात घेतला नाही. पोरं हसली. आबांनी शांतपणे विचारलं, "आपन काय खातो ते त्याला कशाला पायजे?"

ही खोड त्यांना जन्मजात नव्हती, धंद्याने लावली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर जामखेडकडून ते पिंपरीला आले, तेव्हा मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं. एका फौंड्रीत लागले, साचे करायच्या खात्यात. वाळू भिजवायची, ठोकायची, साचा काढायचा, सुकवायचा, मग त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. साचा वरून कोरडा ठणठणीत दिसतो. आत एवढासा ओलावा राहिला की लोखंड पडल्याबरोबर पाण्याची वाफ होते, आणि साचा बॉम्बसारखा उडतो. असा एक साचा आबांसमोर उडाला होता. त्यांच्या डाव्या दंडावर त्याचे डाग होते, नाण्याएवढे, गुळगुळीत. शेजारी उभा असलेला माणूस वाचला नाही. तेव्हापासून वरून कोरडं दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. साहेबाचं हसणं, युनियनच्या पुढाऱ्याचं गळ्यात पडणं, निवडणुकीतलं फुकटचं काहीही, सगळ्याला ते आधी बोटाने दाबून बघत.

बायको मात्र त्यांनी न दाबता केली, असं गिरजाबाई म्हणायच्या. त्यांच्या माहेरचे लोक बघायला आले तेव्हा किसनने फक्त एक प्रश्न विचारला होता, पोरीला घमेलं उचलता येतं का.

तक्षशिला गल्ली त्यांनीच वसवली. फौंड्रीतली पाच-सहा घरं आधी आली, मग भाऊबंद, मग ओळखीपाळखीचे. मैत्रीचा बाप, नागसेन, याच गल्लीत जन्मला आणि आता चाकणला एका कंपनीत शिफ्टवर जात होता. गल्लीत विहाराची खोली आली, नळ आले, मीटर आले. मग तळ्याच्या पलीकडे टॉवर उभे राहिले. उंच, पांढरे, काचेच्या बाल्कन्यांचे. त्या बाल्कनीतून खाली बघितलं की तक्षशिला गल्ली म्हणजे गंजलेले पत्रे, पत्र्यांवर दगड, टायर, फुटक्या बादल्या. टॉवरमधल्या कुणीतरी एकदा तसा फोटो काढून शहराच्या कसल्याशा पानावर टाकला आणि खाली लिहिलं, आमच्या लेक व्ह्यूची शोभा.

आबांना तो फोटो नागसेनने दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वरून बघनाऱ्याला कळलं पायजे हितं कोन राहतं."

त्या वर्षी जयंतीच्या आधी अख्ख्या गल्लीने पत्रे रंगवले. निळे. टायर खाली उतरवले, गंज घासला, ऑइल पेंटचे डबे आणले, आणि सत्तरी गाठत आलेला म्हातारा शिडीवर चढून प्रत्येक पत्र्याला दोन हात बसलेत का ते बघत फिरला. चौदा एप्रिलला टॉवरच्या बाल्कन्यांमधून लोक खाली बघत होते आणि खाली अख्खी गल्ली निळीशार झळकत होती. तेव्हापासून ती रीतच पडली. रस्त्याची धूळ आणि शेडमधली काजळी बसून दिवाळीपर्यंत रंग मळकट व्हायचा, मार्च संपता संपता पुन्हा डबे यायचे.

एकच घर राहिलं. गल्लीच्या मधोमध उंचवट्यावर ज्योतीरामचं घर होतं. लातूरकडचा माणूस, आबांच्याच खात्यात होता, त्यांच्याच सोबत इथे राहायला आला होता. पण संपाच्या काळात तो आत कामाला गेला असा आबांना संशय होता. तो आजारी होता असं ज्योतीराम म्हणायचा. कोणता आजार, ते आबांना कधी पटलं नाही. तीस वर्षं दोघे एकाच नळावर पाणी भरत होते आणि बोलत नव्हते. रंगाचं ठरलं तेव्हा आबांनी त्याच्या दारावरून शिडी पुढे नेली. त्याला विचारलंच नाही.

आणि आता नकाशात गल्लीचं तळं झालं होतं, पण त्या तळ्याच्या मधोमध ज्योतीरामचं घर सुकं होतं. पाण्यात बेट असावं तसं.

"बघ," आबा मोबाइल मैत्रीच्या तोंडासमोर नाचवत म्हणाले. "समद्यांची घरं पान्यात. ह्याचंच कोरडं. ह्यानंच अर्ज केलाय. आन तुज्या हापिसातल्या कुनीतरी घेतलाय."

मैत्री ताट घेऊन उठली. तिला राग आला होता, पण उठताना तिचा डोळा पुन्हा त्या बेटावर पडला आणि ती मोरीपाशी जरा थांबली. अर्ज करून कुणी बेट होत नाही, एवढं तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने आधी म्हसोबाच्या तळ्याची सगळी जुनी चित्रं उघडली. तिचे साहेब, रविराज सर, त्या वेळी आले नव्हते.

हद्द काढायची पद्धत साधी होती. उपग्रह रंग बघत नाही, उजेड मोजतो. जमिनीवर पडलेला कोणता उजेड परत येतो आणि कोणता गिळला जातो, त्यावरून संगणक ठरवतो की हे पाणी, हे झाड, हे घर. मग सगळ्या वर्षांची चित्रं एकावर एक ठेवायची. कधीही, एकदा जरी, जिथे पाणी दिसलं ती सगळी जागा तळ्याची. सगळ्यात बाहेरची कड म्हणजे हद्द.

मैत्रीने चित्रं महिन्यांप्रमाणे लावली. पावसाळ्याची ढगांनी भरलेली, ती बाजूला गेली. हिवाळ्यात तळं होतं तेवढं होतं, गल्ली सुकी होती. फेब्रुवारीत तळं आक्रसलं. मार्चमध्ये आणखी. आणि एप्रिलमध्ये ते एकदम फुगलं, गल्ली गिळून बसलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मेमध्ये चाकणची तळी भेगाळून पडलेली तिने स्वतः बघितली होती, आणि हे तळं ऐन उन्हाळ्यात वाढत होतं.

ती खुर्चीत मागे टेकली आणि एकटीच हसली. निळा रंगवलेला पत्रा. त्याच्यावरून परत येणारा उजेड पाण्याच्या हिशेबात बसत होता. आबांनी दोन दोन हात मारून घेतलेला रंग वरच्याला पाणी वाटला होता. आणि ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्याचा पत्रा राखाडीच राहिला, म्हणून तो तेवढा कोरडा.

रविराज सरांना तिने दाखवलं तेव्हा ते हसले नाहीत. चित्रं पुन्हा पुन्हा मागेपुढे करून बघितली, मग तिच्याकडे बघितलं.

"तू या गल्लीत राहतेस, हे मला आज कळतंय."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, सर."

"आणि चूक नेमकी तुझ्याच गल्लीत सापडली."

हे वाक्य तिने कालपासून दुसऱ्या तोंडून ऐकलं होतं. तिथे उपग्रहाला गल्ली बरी सापडली होती, इथे तिला चूक बरी सापडली होती. तिने एप्रिलची चित्रं पुन्हा पडद्यावर लावली. सर मग जरा नरमले. म्हणाले, चूक दिसतेय खरी, पण हद्द नुसत्या पत्र्यांवर ठरत नाही. पत्र्यांखाली पाणी नाही, कबूल. पण पत्र्यांखाली पूर्वी पाणी होतं का, ते बघावं लागेल. उपग्रहाची फार जुनी चित्रं होती, पण ती इतकी ढोबळ, की एका ठिपक्यात अख्खी गल्ली आणि अर्धं तळं मावत होतं. त्यावरून काही सांगता येत नव्हतं. गुरुवारी ते स्वतः महापालिकेच्या इंजिनिअरला घेऊन येणार होते, खड्डा घेऊन बघणार होते, आणि गल्लीतल्या जुन्या माणसांना एकच गोष्ट विचारणार होते, की जमीन मूळची आहे की भरावाची.

"मूळची असेल तर गल्ली हद्दीबाहेर, मी स्वतः लिहून देतो. भराव असेल तर गोष्ट वेगळी. घरी विचारून ठेव," सर म्हणाले. "आणि मैत्री, तू मला जे सांगशील ते मी पुढे सांगणार. खोटं निघालं तर तुझं टेबल जाईल, आणि पुढच्या वेळी खरी चूक सापडली तरी कुणी ऐकणार नाही."

परत येताना तिला वाटलं होतं की गल्ली तिला डोक्यावर घेईल. तिने विहारासमोर सगळ्यांना सांगितलं, रंगाचं, उजेडाचं, एप्रिलचं. सुटकेचा श्वास टाकला गेला खरा, पण लगेच कुजबुज सुरू झाली. निळ्यालाच पाणी म्हणतो का हा? तांबड्याला का नाही म्हणत? बनवतानाच तसा बनवला असेल. कुणी म्हणालं, आता रंग खरवडला तर पुरावा जाईल. कुणी म्हणालं, ठेवला तर घरं जातील. रुक्मिणीबाईंनी सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू विचारलं, "आन हे तुला आजच कसं कळलं गं?"

आबा मात्र खूश होते. मशीन येडं निघालं, हे त्यांना फार आवडलं. "वरून बघून कुनाला काय कळतंय," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पत्र्यांचे फोटो उंचावरून काढायचे होते. गल्लीत उंच जागा एकच, ज्योतीरामचा उंचवटा. मैत्री त्या घरात कधी गेली नव्हती. दारातलं चिकूचं झाड मात्र तिने लहानपणापासून भिंतीपलीकडून बघितलं होतं, कारण गल्लीत झाड म्हणावं असं तेवढंच होतं. बाकी घरांत कढीपत्ता ड्रममध्ये, मोगरा डब्यात. जमिनीत लावलेलं काही जगत नाही, म्हणून कुणी लावत नसे.

ज्योतीराम चिकूखाली खुर्ची टाकून बसले होते. नातवंडांच्या वयाची पोरगी दारात बघून त्यांना आनंद झाला आणि तो त्यांनी लपवला.

"काय गं, बेट बघायला आलीस?"

तिने फोटोचं सांगितलं. ते म्हणाले, जा वर, शिडी मजबूत आहे. ती वर गेली. खाली सगळी गल्ली निळी पसरली होती, पलीकडे तळ्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि त्यापलीकडे टॉवर. खालून ज्योतीराम बोलतच होते. किसनला वाटतंय अर्ज मीच केलो, हे त्यांना कळलं होतं.

"केलात का?" मैत्रीने वरूनच विचारलं.

"करायचा असता तर रंग लावताना मला सोडून गेला, त्या वर्षीच केलो असतो की. तवा राग आलता. आता काय, आता त्याच्यामुळंच वाचलो."

ती खाली आली. जाता जाता चिकूच्या बुंध्याला हात लावून सहज म्हणाली, की आमच्याकडे झाड का लागत नाही कळत नाही.

"इथं माती हाय," ज्योतीराम म्हणाले.

"आणि आमच्याकडं?"

त्यांनी चेहरा वळवला. "तुज्या आबाला इचार. मी सांगितलो तर म्हणंल, ज्योतीराम बोलला."

"मला गुरुवारी सांगायचंय, आजोबा."

"म्हणून तर म्हणलालोय, त्याला इचार." आणि मग, खुर्चीतून न उठता, "रुक्मिणीबाईच्या दारात नळाचा खड्डा काढलाय बग. जाताना त्यात बघून जा."

खड्डा कमरेइतका होता. वर फरशीचे तुकडे, त्याखाली विटांचा चुरा, आणि मग खाली तळापर्यंत काळं. मैत्रीने लहानपणी या काळ्यात खेळ मांडले होते, बोटं काळी करून भिंतीवर उठवली होती, आणि तिला कायम वाटलं होतं की हीच काळी माती. तिने मूठभर उचललं. माती नव्हती. बारीक, कोरडी, सरकन निसटणारी वाळू, मधूनच जळलेल्या लोखंडाचे खपले. वास घ्यायची गरज नव्हती, तरी तिने घेतला. आबांच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेल्या खाकी शर्टाला हाच वास होता. साच्यात वापरून जळालेली वाळू फौंड्रीत परत कामाला येत नसे. ती बाहेर टाकायला लागायची. कुठे टाकायची, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

ती खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. गल्लीचा आकार तिने दिवसभर पडद्यावर बघितला होता. मधे बेट, भोवती निळी जीभ. रंगामुळे चुकून आलेला आकार. पण ज्योतीरामच्या उंचवट्यावर खरी माती होती, आणि भोवती सगळीकडे ही वाळू असेल, तर तिथे कधीकाळी खरोखरच पाणी होतं आणि उंचवटा खरोखरच बेट होता. मशीनने पत्र्यांचं चुकीचं ओळखलं होतं आणि जागेचं कदाचित बरोबर. की ज्योतीरामनेच तिच्या मनात हे सोडलं होतं? तीस वर्षांचं वैर, आणि आज नेमका खड्डा दाखवला. तिला स्वतःचीच गंमत वाटली. ती अगदी आबांसारखा विचार करत होती.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. गिरजाबाई वाटाणे सोलत होत्या. आबा खाटेवर पाय वर घेऊन बसलेले, चहाचा कप बशीत, चेहऱ्यावर मघापासूनचं ते समाधान.

"काढलेस फोटू? त्या येड्या मशीनला दाव आता. म्हनावं, नीट बघ."

"काढले." ती समोर जमिनीवर बसली आणि ओढणीच्या टोकात बांधून आणलेली मूठ तिने फरशीवर सोडली. काळा छोटा ढीग झाला. गिरजाबाईंचा हात वाटाण्याच्या शेंगेत थांबला.

आबांनी ढिगाकडे बघितलं. मग तिच्या हातातल्या मोबाइलकडे.

"फोन भायेर ठिव."

"बंद आहे, आबा."

"भायेर ठिव म्हनतो ना."

ती उठली, मोबाइल बाहेर पाण्याच्या टाकीवर ठेवून आली. येताना रुक्मिणीबाई दारात नव्हत्या, पण त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. मैत्रीने आपलं दार ओढून घेतलं.

"आता सांगा. ही फौंड्रीची वाळू आहे ना?"

"कुनी पाठवलं तुला? ज्योतीरामनं?"

"वाळू आहे की नाही?"

"त्याला इचार की मग. तो बी व्हता तितं. त्याला बरी माती घावली." एवढं बोलून ते थांबले. जास्त बोललो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि प्यायला नाही.

मैत्रीने आजीकडे बघितलं. गिरजाबाईंनी मान खाली घातली होती आणि रिकामी शेंग पुन्हा सोलत होत्या. पोरीला घमेलं उचलता येतं का, हा घरात वर्षानुवर्षं सांगितला गेलेला विनोद मैत्रीला या क्षणी विनोद वाटेना. आजीने किती घमेली उचलली असतील, आणि कुठून कुठे.

"आबा, तुम्हाला मी दोष देत नाही," ती म्हणाली. "राहायला जागा नव्हती, तुम्ही केली. तेव्हा कुणी अडवलं नाही. पण गुरुवारी सर येतील. ते तुम्हालाच विचारतील, गल्लीतले सगळ्यात जुने म्हणून. तुम्ही मूळची जमीन म्हणालात आणि खड्ड्यात हे निघालं, तर पत्र्यांचं मी जे सिद्ध केलंय तेही कुणी मानणार नाही. मी सांगितलं भराव आहे, तर मी माझ्याच घरावर बोट ठेवलं असं होईल. तुम्ही खरं सांगितलंत तर निदान आपल्याला पुढचं काही मागता येईल, दुसरी जागा, मुदत, काहीतरी. म्हणून आधी मला सांगा."

"आन तू तिकडं सांगशील."

"सांगेन."

हे खरं उत्तर होतं आणि ते तिने दिलं याचं तिलाच नवल वाटलं. आबांनी तिच्याकडे नीट बघितलं. काल सकाळपासून पहिल्यांदाच त्या नजरेत संशय नव्हता. जे होतं ते तिला ओळखता आलं नाही.

"वाळू टाकायच्या आधी इथं काय होतं, आबा?"

गिरजाबाईंनी शेंग खाली ठेवली. "सांगा की," त्या म्हणाल्या. हळूच, पण या वेळी तो तिऱ्हाईत आवाज नव्हता.

आबा खाटेवरून उतरले. गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाले, टोपी घातली, बाजाराला निघाल्यासारखी खुंटीवरची पिशवी घेतली. पिशवीत काही नव्हतं. फरशीवरच्या ढिगाला वळसा घालून ते दारापाशी गेले आणि पायात चपला सरकवल्या.

"आबा."

त्यांनी दार उघडलं. समोर रुक्मिणीबाई उभ्याच होत्या. त्यांनी घाईघाईने विचारलं, काय ठरलं, पत्र्यांचं झालं ना मिटलं. आबा त्यांच्या बाजूने गेले. गल्लीतून चालत गेले, नळाच्या खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून पलीकडे गेले, ज्योतीरामच्या दारावरून गेले. ज्योतीराम खुर्चीत ताठ झाले होते, काहीतरी बोलायला. आबांनी तिकडे बघितलं नाही. कोपऱ्यावर एक वाट तळ्याकडे जात होती आणि एक मोठ्या रस्त्याकडे. ते मोठ्या रस्त्याकडे वळले.